हाय फायबर ब्रेडने शुगर खरंच कमी चढते का? पाकिटावरचा दावा तपासायचा कसा?

गोंधळलेला_गणू

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून टंकतोय. बाबांचं एचबीए1सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्तचाचणी) मागच्या महिन्यात 6.3 आलं, डॉक्टर म्हणाले प्रीडायबेटिस आहे, गोळी लगेच नको, चाला, वजन थोडं उतरवा, खाण्याकडे बघा, तीन महिन्यांनी परत करू. इथवर ठीक. पण बाबांचा सकाळचा ब्रेड काही सुटत नाही आणि नेमका तेव्हाच नातेवाइकांच्या ग्रुपवर एका काकांनी एका ब्रेडचा फोटो टाकला, "हाय फायबर, शुगर फ्रेंडली, 40 टक्के कमी स्पाइक". झालं, बाबांनी तीन पाकिटं आणली. आता दोनाच्या जागी चार स्लाइस खातायत, वर मलाच सांगतात की अरे यात फायबर आहे, शुगर चढतच नाही.

पाकिटावरून जसंच्या तसं उतरवतोय. 100 ग्रॅममध्ये कार्बोहायड्रेट 42, त्याखाली फायबर 9, प्रोटीन 11, फॅट 3, ऊर्जा 222 किलोकॅलरी. एक स्लाइस 28 ग्रॅम. घटक: गव्हाचं पीठ, पाणी, गव्हाचा कोंडा, ग्लुटेन, इन्युलिन, ओट्स 5 टक्के, यीस्ट, साखर, माल्ट अर्क, मीठ. आणि त्या 40 टक्क्यांच्या डोक्यावर एक चांदणी आहे, मागे तळाशी मुंगीच्या अक्षरात लिहिलंय, "एका स्लाइसची 50 ग्रॅम पांढऱ्या ब्रेडशी तुलना".

प्रश्न एवढाच की हे खरं धरायचं का, आणि नसेल तर बाबांना कसं पटवायचं, कारण माझं ते ऐकणार नाहीत. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

लेबलवाचक

गणूशेठ, चांदणीपर्यंत वाचलंत म्हणजे निम्मं काम झालं, बहुतेक लोक पुढच्या मोठ्या अक्षरावरच थांबतात.

आधी 42 मध्ये फायबर धरलंय की नाही ते बघू, कारण इथेच भले भले घसरतात. अमेरिकेच्या पद्धतीत एकूण कार्बमध्ये फायबर मोजलेलं असतं, युरोपच्या पद्धतीत ते वेगळं काढून दाखवतात. युरोपवाल्या लेबलातून परत फायबर वजा केलं तर तुम्ही ते दोनदा वजा केलंत आणि ब्रेड उगाच सोज्वळ दिसायला लागला. तुमच्या पाकिटाचं काय ते कॅलरीवरून कळतं. पचणाऱ्या कार्बला 4, प्रोटीनला 4, फॅटला 9, फायबरला साधारण 2 धरा. 42 च्या बाहेर फायबर असतं तर 168 अधिक 18 अधिक 44 अधिक 27, म्हणजे 257 आले असते. 42 च्या आत असेल तर पचणारे कार्ब 33, त्याचे 132, बाकी तेच, बेरीज 221. पाकीट म्हणतंय 222. म्हणजे फायबर आतच आहे, खरे पचणारे कार्ब 100 ग्रॅमला 33.

आता चांदणीची गंमत. त्यांचा एक स्लाइस 28 ग्रॅमचा, त्यात पचणारे कार्ब 9 ग्रॅमच्या आसपास. समोर पांढरा ब्रेड 50 ग्रॅम, साध्या पांढऱ्या ब्रेडमध्ये 100 ला साधारण 47 धरले तर त्यात साडेतेवीस ग्रॅम. म्हणजे एका ताटात कार्ब 60 टक्के कमी वाढले आणि मग स्पाइक 40 टक्के कमी आला म्हणून ढोल वाजवले. अहो यात फायबरचं कर्तृत्व काय? पांढरा ब्रेडसुद्धा अर्धाच खाल्ला तर शुगर कमीच चढेल की.

आणि बाबांचे चार स्लाइस म्हणजे 112 ग्रॅम, पचणारे कार्ब 37. पूर्वीचे दोन पांढरे स्लाइस 25 ग्रॅमचे असतील तर ते होत होते साडेतेवीस. तुमच्या बाबांनी शुगर कमी करायला म्हणून कार्ब दीडपट केलेत. हे त्यांना कागदावर लिहून दाखवा, तोंडी सांगू नका.

चालतीबोलती

लेबलवाचक यांचा हिशोब बरोबर आहे, मी फायबरच्या बाजूने थोडं लिहिते. आहाराचा सल्ला देणं हेच माझं काम आहे त्यामुळे हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी ऐकते.

"फायबर 9 ग्रॅम" ह्या आकड्यात सगळी फायबरं एकाच पोत्यात भरलेली असतात आणि शुगरच्या बाबतीत ती सारखी वागत नाहीत. पाण्यात विरघळून चिकट बुळबुळीत होणारं फायबर, म्हणजे ओट्स आणि जवातलं बीटा ग्लुकन किंवा इसबगोल, हे पोटात घट्ट लापशीसारखं होतं, जठर हळू रिकामं होतं, ग्लुकोज आतड्याच्या भिंतीपर्यंत हळूहळू पोचतं, म्हणून जेवणानंतरचा चढ बसका होतो. गव्हाचा कोंडा मुख्यतः न विरघळणारा. तो पोट साफ व्हायला छान, पण त्याच जेवणाची शुगर अडवून धरणं हे त्याचं काम नाही. इन्युलिन विरघळतं खरं पण चिकट होत नाही, पुढे मोठ्या आतड्यात जाऊन आंबतं, म्हणून काहींना गुबारा धरतो. बाबांना तसं होतंय का विचारा, चार स्लाइस म्हणजे बरंच झालं. (आणि कधी घटकांत आयसोमाल्टो-ऑलिगोसॅकराइड दिसलं तर सावध. हे बऱ्याच पदार्थांत फायबर म्हणून खपवलं गेलं पण त्यातला बराचसा भाग पचतो आणि शुगर वाढवतो, अमेरिकेच्या अन्न-औषध नियामकाने, एफडीएने, त्याला फायबर म्हणून मान्यता दिली नाही.)

आता ओट्स 5 टक्के. युरोपियन युनियनमध्ये 2012 च्या नियमानुसार जेवणानंतरची शुगर कमी चढते असं बीटा ग्लुकनबद्दल लिहायला परवानगी आहे, पण अट अशी की त्या खाण्यात दर 30 ग्रॅम पचणाऱ्या कार्बमागे 4 ग्रॅम बीटा ग्लुकन हवं. ओट्समध्ये बीटा ग्लुकन असतं साधारण 4-5 टक्के. म्हणजे तुमच्या 100 ग्रॅम ब्रेडमध्ये 5 ग्रॅम ओट्स, त्यात जेमतेम पाव ग्रॅम. 4 कुठे आणि पाव कुठे. वरून भुरभुरवलेले ओट्स फोटोसाठी असतात. उलट "हाय फायबर" हे शब्द लिहायला तिथे 100 ग्रॅमला 6 ग्रॅम फायबर पुरतं, कुठलंही चालतं, त्यात शुगरचा काही संबंधच येत नाही. तेव्हा "हाय फायबर" हे खरं असू शकतं आणि तरी "शुगर फ्रेंडली" हे त्यातून निघत नाही.

पण म्हणून कोंडा फेकून देऊ नका हं. एका जेवणाचा स्पाइक हा एक प्रश्न आणि पुढच्या दहा-वीस वर्षांत डायबेटिस होईल का हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर बऱ्यापैकी फायबरच्या बाजूने आहे. 2019 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या मंडळींनी 185 पाठपुरावा अभ्यास आणि 58 प्रयोग एकत्र करून बघितले, जास्त फायबर खाणाऱ्यांत हृदयविकार, टाइप 2 डायबेटिस, आतड्याचा कॅन्सर वगैरेंचं प्रमाण 15 ते 30 टक्के कमी दिसलं, आणि दिवसाला 25 ते 29 ग्रॅमला चांगला फायदा दिसत होता. जागतिक आरोग्य संघटनाही मोठ्यांना दिवसाला किमान 25 ग्रॅम सांगते. मात्र हे दिवसभराच्या सगळ्या खाण्याचं बोलणं आहे, डाळी, भाज्या, फळं, अख्खी धान्यं मिळून, एका पाकिटाचं नाही.

2000 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला एक छोटा प्रयोग मी पेशंटना नेहमी सांगते. टाइप 2 चे 13 जण, सहा आठवडे रोज 24 ग्रॅम फायबर, सहा आठवडे 50 ग्रॅम, आणि ते 50 ग्रॅम साध्या खाण्यातून, वेगळी पावडर नाही. जेवणाआधीची शुगर सरासरी 13 एमजी/डीएलने उतरली. 13 चांगलंच आहे, पण त्यासाठी फायबर दुप्पट करावं लागलं हेही बघा.

सरळमार्गी

सगळे एवढा कीस पाडताय म्हणून लिहितो. मी स्वतः असाच हाय फायबर ब्रेड पाच महिने खाल्ला, एचबीए1सी 7.1 वरून 6.4 आलं. अनुभवापुढे कागदावरचं गणित काय करायचं? प्रत्येक गोष्टीत कंपन्यांना शिव्या द्यायची फॅशन झालीय.

लेबलवाचक

सरळमार्गी, अभिनंदन, 7.1 वरून 6.4 ही गंमत नाही, मनापासून सांगतो. फक्त त्या पाच महिन्यांत बाकी काय काय बदललं ते सांगाल का? चालणं, वजन, रात्रीचं जेवण, गोळ्या? भांडायला नाही विचारत.

सरळमार्गी

चालायला लागलो होतो रोज पाऊण तास. वजन सहा किलो उतरलं. गोड चहा सोडला. गोळी तीच होती, म्हणजे आधी अर्धी होती ती डॉक्टरांनी पूर्ण केली.

ओके, कळलं तुम्हाला काय म्हणायचंय ते. तरी ब्रेडचा थोडा वाटा असेलच की.

चालतीबोलती

असेलही, कोण नाही म्हणतंय. पण सहा किलो आणि वाढवलेली गोळी एका बाजूला आणि ब्रेड दुसऱ्या बाजूला असं असताना सगळं श्रेय ब्रेडला देता येत नाही ना दादा :) आणि एचबीए1सी साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं, त्यात चहा, झोप, चालणं, सगळंच मिसळलेलं असतं. त्या सरासरीतून एकटा ब्रेड वेगळा काढून बघणार कसा?

पिठाळ_हात

उशिरा आलो धाग्यावर, दुपारची भट्टी होती. मी ब्रेडच बनवतो, गेली सोळा वर्षं, तेव्हा आमच्या बाजूचंही थोडं.

लोक रंग बघून ब्रेड घेतात. माल्ट अर्क किंवा कॅरॅमल टाकला की पांढऱ्या पिठाचा ब्रेडही तपकिरी होतो, पाच मिनिटांचं काम. मल्टिग्रेन म्हणजे नुसती अनेक धान्यं, अख्खी धान्यं नव्हे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते तेव्हा पहिलं नाव काय ते बघा. गणूच्या पाकिटावर पहिलं "गव्हाचं पीठ" आहे, "अख्ख्या गव्हाचं" नाही, आणि कोंडा नंतर वेगळा घातलाय. अख्ख्या दाण्यात कोंडा, अंकुर आणि आतला स्टार्च तिन्ही एकत्र येतात, इथे पांढऱ्या पिठात वरून कोंडा मिसळलाय.

पण खरं सांगू का, अख्ख्या गव्हाचं असतं तरी शुगरला फार फरक पडला नसता. कारण दळण. पीठ जितकं बारीक तितका आतला स्टार्च उघडा पडतो, भट्टीत पाण्याबरोबर फुगतो, मऊ होतो आणि मग पोटातल्या एन्झाइमना तो सोडवायला वेळ लागत नाही. 2008 मधले ग्लायसेमिक इंडेक्सचे (कुठल्या पदार्थाने शुगर किती चढते त्याचा आकडा) जे आंतरराष्ट्रीय तक्ते आहेत त्यात पांढरा ब्रेड 75 आणि होलव्हीट ब्रेड 74. एकाचा फरक! तिथेच ज्याला स्पेशल्टी ग्रेन ब्रेड म्हणतात तो 53, आणि 55 किंवा त्याखाली म्हणजे लो धरतात. हे धान्य धान्यासारखं ठेवलेले ब्रेड. आमच्याकडे राय नावाच्या धान्याचा एक जड ब्रेड करतो, कापला की सुरीला दाणे लागतात, पातळ स्लाइस उजेडात धरला तर आख्खे दाणे दिसतात आणि दोन स्लाइसमध्ये माणूस चावून चावून थकतो. तो दाबला तर दबत नाही. याउलट पाकिटातला मऊ स्लाइस मुठीत दाबा, लिंबाएवढा गोळा होतो. ही काही प्रयोगशाळेतली चाचणी नाही पण बघायला मजा येते, आणि मऊपणासाठी बाहेर जाहिरात कशी करतात ते आठवलं की जास्तच.

सावरडोबद्दल, म्हणजे नैसर्गिक आंबवणाने फुगवलेल्या आंबट ब्रेडबद्दल, कोणीतरी विचारणारच म्हणून आधीच. आंबटपणामुळे शुगर थोडी हळू चढते असं दाखवणारे प्रयोग आहेत, पण 2017 मध्ये इस्राएलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटने 20 जणांना आठवडाभर पांढरा आणि आठवडाभर होलव्हीट सावरडो खायला दिला, सरासरीत दोघांत म्हणावा असा फरकच नाही! काहींची पांढऱ्याने जास्त चढली, काहींची चक्क सावरडोने. आतड्यातल्या जिवाणूंवरून कोणाची कशाने चढेल ह्याचा बराच अंदाज बांधता येतो असं त्यांचं म्हणणं. आणि ओट्स किंवा जवाचं पीठ खूप वेळ आंबवलं तर पिठातले एन्झाइम बीटा ग्लुकनचे तुकडे करतात, मग ते तितकं चिकट राहत नाही. म्हणजे दोन चांगल्या गोष्टी एकत्र केल्या की तिसरी चांगली होतेच असं नाही, बेकरीत हे रोज शिकायला मिळतं.

अवांतर: फ्रीझरमध्ये ठेवून टोस्ट केला की शुगर कमी चढते हा मेसेज फिरतोय, त्यामागे 2008 चा एक खरा प्रयोग आहे, घरी केलेल्या आणि विकतच्या पांढऱ्या ब्रेडवर, 10 निरोगी माणसांवर. गार झाल्यावर थोडा स्टार्च घट्ट होऊन पचायला अवघड होतो हे खरंच. पण 10 माणसं, आणि निरोगी. जमत असेल तर करा, नुकसान नाही, पण त्याच्या जिवावर चार स्लाइस खाऊ नका.

गोंधळलेला_गणू

बापरे, एवढं उत्तर मिळेल वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. कागदावर लिहून दाखवलं तर बाबा म्हणाले गणित तुझं, बोट माझं, मोजूनच बघू. आत्याचं ग्लुकोमीटर आहे घरात. कसं मोजायचं नीट सांगाल का?

चालतीबोलती

मोजा की, पण शिस्तीत. रात्रभराच्या उपवासानंतर सकाळी त्याच वेळेला, आदल्या रात्रीचं जेवण शक्यतो सारखं, कारण आधीच्या जेवणाचा परिणाम पुढच्या शुगरवर उतरतो. हात साबणाने धुवा, बोटाला फळाचा रस लागला असेल तर आकडा खोटा जास्त येतो. खाण्याआधी, एका तासाने, दोन तासांनी. तुलना समान पचणाऱ्या कार्बची करा, 24 ग्रॅम धरलेत तर पांढरा 51 ग्रॅम आणि हा नवा 73 ग्रॅम, काट्यावर तोलून. दोन्ही नुसते खायचे, लोणी जॅम काही नाही. आणि प्रत्येक ब्रेड किमान दोनदा, वेगवेगळ्या दिवशी.

एक मुद्दा बाकीच्या वाचकांसाठी: कोणी इन्शुलिन किंवा शुगर खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेत असेल तर असे प्रयोग किंवा एकदम कार्ब कमी करणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, 70 च्या खाली गेली की चक्कर, घाम, धडधड सुरू होते. गणूच्या बाबांना गोळी नाही म्हणून सांगतेय.

गोंधळलेला_गणू

बारा दिवसांनी येतोय. आकडे सगळे एका तासाचे, उपाशीपोटी रोज 102 ते 109 च्या मध्ये होते.

पांढरा, 51 ग्रॅम: 171, दुसऱ्या वेळी 154.
नवा, 73 ग्रॅम: 162, दुसऱ्या वेळी 149.
नव्याचे चार स्लाइस, बाबांच्या आग्रहाखातर: 188.
नव्याचे दोन स्लाइस आणि दोन उकडलेली अंडी: 131.

बाबा 162 आणि 149 बघून खूश, म्हणाले बघ कमी आहे. मी 188 वर बोट ठेवलं, तेव्हा ते पेपर वाचायला लागले.

लेबलवाचक

पांढऱ्याची सरासरी 162.5, नव्याची 155.5. फरक 7. आणि एकाच पांढऱ्या ब्रेडच्या दोन दिवसांत फरक 17! शिवाय मीटरचं प्रमाण असं आहे की 100 च्या वरची 95 टक्के रीडिंग खऱ्या आकड्याच्या 15 टक्के इकडेतिकडे असली तरी मीटर पास. म्हणजे 160 ला 136 ते 184 सगळं चालतं. तेव्हा त्या 7 वरून हार-जीत ठरवू नका. 40 टक्के मात्र कुठेच दिसत नाहीत. अंड्यांसोबतचं 131 छान आहे पण त्यात कार्बही कमी होते आणि प्रोटीन-फॅटमुळे जठरही हळू रिकामं होतं, दोन्हीचा हात आहे.

चालतीबोलती

गणू, 131 वाला नाश्ताच चालू ठेवा. ब्रेड नवा असो की जुना, दोन स्लाइस. नव्यात कोंडा आहे तर दिवसाच्या 25 ग्रॅममध्ये त्या दोन स्लाइसचे 5 ग्रॅम जमा होतात, तेवढा त्याचा मान ठेवायला हरकत नाही. पाणी भरपूर प्यायला सांगा.

सरळमार्गी

मीही मोजलं हो काल. सांगत नाही किती आलं. अंडी आणलीत.

गोंधळलेला_गणू

हाहा. शेवटचं अपडेट देतो. त्या 40 टक्क्यांचा अहवाल मिळेल का म्हणून कंपनीला मेल केला होता, आज उत्तर आलं. चाचणी निरोगी प्रौढांवर केली होती, तुलना पाकिटावर दिलीय तशीच, एक स्लाइस आणि 50 ग्रॅम, बाकी तपशील गोपनीय. सोबत पुढच्या खरेदीसाठी एक कूपन जोडलंय.

कूपन बाबांनी प्रिंट काढून घेतलंय.